चूलबंद आवतण

झुलालभाऊ बोरसे यांना समजावून सांगण्याचं व्यसन होतं. कुणाला तंबाखूचं असतं, कुणाला पत्त्यांचं, भाऊंना हे. साक्रीच्या एसटीत बसले की गर्दीतून पुढे कसं सरकावं ते कंडक्टरला समजावत. न्हाव्यापुढे मान वाकवली की त्याच अवस्थेत वस्तऱ्याला धार कशी लावावी ते सांगत, आणि हातात वस्तरा असूनही न्हावी ऐकून घेई, एवढी त्यांची गावात पत होती. लग्नाला गेले तर मंगलाष्टकांत श्वास कुठे घ्यावा हे भटजींना बाजूला घेऊन पटवून देत. एकदा बाजारात बैल बुजला. सगळे पळाले, पण भाऊ जागेवर उभे राहून बैलाला दोन शब्द सांगू लागले. बैलाला काही ते पटले नाहीत. पुढे बरेच दिवस भाऊ पालथे झोपत, आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बैल का बुजतो हे पालथ्यानंच समजावत.

आवाज मात्र देवानं दोन्ही हातांनी दिलेला. साक्रीपलीकडच्या काकरखेडे गावात शेतकऱ्याच्या घरी जन्मले, मॅट्रिकपर्यंत शिकले, शेती धाकट्या रुपचंदवर सोपवली आणि स्वतः आवाजाच्या जोरावर निघाले. फिरत्या टॉकीजचा खेळ कुठला ते टांग्यात बसून गावभर ओरडायचं, हे पहिलं काम. मग निवडणुका. सकाळी एका पार्टीच्या जीपमध्ये, दुपारी दुसऱ्या. कुणी टोकलं तर म्हणत, "आवाज भाड्यानं दिलाय, मत घरीच ठेवलंय."

हा आवाज धुळ्याच्या पुखराज शेठनी ऐकला. शेठ धान्याचे व्यापारी, मूळचे मारवाडातले, पण चार पिढ्यांपासून धुळ्याचं पाणी प्यालेले. आईच्या नावानं त्यांनी सज्जनबाई नेत्र रुग्णालय बांधलं होतं. खाटा आल्या, पांढऱ्या चादरी आल्या, मुंबईत शिकलेला तरुण डॉक्टर आला. रोगी तेवढे येईनात. खेड्यांतून मोतीबिंदू झालेली म्हातारी माणसं भिंत धरून चालत होती, आणि इकडे धुळ्यात डॉक्टर दिवसभर पेपर वाचत होता. शेठ म्हणाले, "माल चांगला, दुकान चांगलं, पण सांगणारा माणूस नाही." त्यांनी भाऊंना जनसंपर्क अधिकारी केलं आणि त्या कामाचं शिक्षण घ्यायला पुण्याला धाडलं.

पुण्याहून भाऊ परत आले ते गळ्यात टाय, हातात छडी आणि काखेत डोळ्याचा मोठा रंगीत तक्ता घेऊन. टाय पहिल्याच दिवशी कढीत बुडाला आणि निवृत्त झाला. छडी आणि तक्ता राहिले. ओरडणं म्हणजे बोलणं नव्हे, हे आपल्याला पुण्यात कळलं, असं ते सगळ्यांना ओरडून सांगत.

सत्त्याऐंशी साली रुग्णालयाचं प्रचार पथक तयार झालं आणि भाऊंचा वर्ग सुरू झाला. मागच्या बाजूला जुन्या लोखंडी खाटा रचून ठेवलेल्या खोलीत दुपारी बसायचं. शिकणारे तिघे. शिंदखेड्याकडच्या वच्छलाबाई, नर्स, सांगितलेलं काम तंतोतंत करणाऱ्या. लीलाधर कंपाउंडर, ज्याचं बोलणं त्याच्या मिशीतच अडकून राही. आणि मोतीलाल, जीपचा ड्रायव्हर, याला कुठल्याही गोष्टीचं काही वाटत नसे.

आता भाऊंची कितीही थट्टा केली तरी एक कबूल करायला हवं, माणूस शिकवायचा मनापासून. "दुखणार नाही असं कधी म्हणायचं नाही," ते छडी आपटून सांगत. "थोडं दुखेल, पण सोसवेल, असं म्हणायचं. एकाला खोटं सांगाल, तो गावात जाऊन शंभरांना खरं सांगेल." रोग्याच्या अंगाला हात लावण्याआधी काय करणार ते सांगायचं. चिडलेल्या नातेवाइकाला आधी बसायला जागा द्यायची, मग पाणी द्यायचं, मग त्याचं ऐकायचं, आणि उत्तर सगळ्यात शेवटी. हे सगळं सोळा आणे खरं होतं. अडचण एवढीच, की एवढंसं सांगायला भाऊंना अख्खी दुपार लागे आणि तोवर लीलाधर खाटेच्या दांड्याला टेकून झोपलेला असे.

सरावाला मोतीलाल हट्टी म्हातारा होई आणि इतरांनी त्याला रुग्णालयात यायला राजी करायचं. मोतीलाल एवढा झकास म्हातारा होई की शेवटपर्यंत कुणालाच बधत नसे. एकदा वच्छलाबाई रडकुंडीला आल्या, तेव्हा तो म्हणाला, "बाई, मी पण काय करू? मला खरंच यावंसं वाटत नाही." पेपरला बातमी कशी द्यावी याचा धडा झाला, तेव्हा लीलाधरनं जळगावच्या एका पेपरला टिपण पाठवलं. ज्यांना डोळ्यांनी अजिबात दिसत नाही त्यांनी ही सूचना वाचून साक्रीच्या शिबिराला यावे, असं त्यात होतं. पेपरनं ते जसंच्या तसं छापलं.

साक्रीच्या त्या पहिल्या शिबिराला जवळजवळ कुणीच आलं नाही. सूचना वाचता आली नाही म्हणून नव्हे. कर्णा लावलेली जीप गावात शिरताना दिसली की बापये गुपचूप शेताकडे निघून जात. नसबंदीच्या दिवसांत अशाच जीपा यायच्या, आणि गावं ते विसरली नव्हती. भाऊंनी शिवारात जाऊन लोकांना गाठलं, बांधावर तक्ता उभा केला, बुबुळ दाखवलं, भिंग दाखवलं. लोकांनी शांतपणे ऐकलं. मग एकानं अहिराणीत विचारलं, "तुनी मायना डोयास्नं काय झायं, भाऊ?" दुसरा म्हणाला, "पहिले तुनी मायले ली जाय, मंग आमले सांग."

इथे भाऊंनी तक्ता गुंडाळून काखेत घेतला. कारण ती गोष्ट खरी होती.

भाऊंची आई, भागाबाई, काकरखेड्यात रुपचंदकडे राहायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एका डोळ्यानं उजेड-अंधार तेवढा कळे, दुसऱ्यानं माणसाचा आकार. पावलांवरून माणूस ओळखी, बोटांनी चाचपून तांदळातले खडे काढी, आणि मला कुणाची गरज नाही अशा ताठ मानेनं ओट्यावर बसे. भाऊ दर रविवारी गावी जात आणि तिला समजावत. तिला तक्ता दिसत नव्हता म्हणून तिचं बोट धरून त्यावर फिरवत: हे बुबुळ, हे भिंग, हे असं पिकतं. ती सगळं ऐकून घेई आणि म्हणे, "व्हयनं का सांगीसन? आते भाकर खाय ले." फारच मागे लागले तर म्हणे, "माले काय पोथी वाचनी शे का?"

शिबिरावरून परतताना डॉक्टर वाट वाकडी करून भाऊंच्या काकरखेड्याच्या घरी चहाला थांबले होते. ओट्यावरच्या भागाबाईकडे त्यांनी लांबूनच पाहिलं, आणि जीपपाशी आल्यावर भाऊंना हळूच म्हणाले, "भाऊ, आईंचा मोतीबिंदू फार पिकलाय. फार दिवस काढू नका. आतला दाब वाढला तर डोळा कायमचा जाईल, मग मीही काही करू शकणार नाही." धुळ्यापर्यंतच्या रस्त्यात भाऊंनी जीप कशी चालवावी हे एकदाही समजावलं नाही. मोतीलालनं दोनदा जीप थांबवून त्यांची तब्येत विचारली.

शेठनी पुढचं शिबिर काकरखेड्यातच घ्यायचं ठरवलं. "आपल्या गावात माणूस उघडा पडतो, भाऊ," ते म्हणाले, "पण गाव जिंकलं तर मग तालुका आपला." भाऊंनी मान हलवली. गावाचं त्यांना काही वाटत नव्हतं. आई आली नाही तर गाव येणार नाही, हे ठाऊक होतंच. पण गाव आलं आणि आई आली नाही तर काय, याची त्यांना धास्ती होती. रविवारी ते पुन्हा गेले. या वेळी रागावले, आवाज चढला, डोळे जातील असं स्पष्ट बोलले. भागाबाई उठली, चाचपडत आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

सोमवारच्या वर्गात भाऊंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. काकरखेड्याला माणसं कशी बोलवायची, असं वच्छलाबाईंनी विचारलं. भाऊ खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जीप नको, कर्णा नको. लग्नाचं आवतण देतात तसं घरोघर जाऊन बोलवा." एवढं बोलून त्यांनी छडी ठेवली आणि वर्ग सोडला. म्हणजे काय, कसं, किती, काहीही सांगितलं नाही. माणसानं जन्मात एकदाच एखादी गोष्ट समजावून सांगितली नाही आणि नेमका तिथेच घोळ झाला.

वच्छलाबाई शेतकऱ्याच्या लेक. भावाच्या लग्नात काकूबरोबर त्यांनी अख्खं गाव पालथं घालून आवतण दिलेलं. त्या भागात गावजेवणाचं बोलावणं दोन तऱ्हेचं. एक घरटी एक माणूस. दुसरं चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. म्हातारीकोतारी, पोरंसोरं, सालदार गडी, आलेला पाव्हणा, सगळ्यांनी जेवायला यायचं. भावाच्या लग्नाचं आवतण चूलबंद होतं. सरांनी लग्नासारखं म्हटलंय, तेव्हा कसर कशाला ठेवायची? लीलाधरला बरोबर घेऊन, ताटात कुंकू आणि अक्षता घेऊन त्या काकरखेड्यात दारोदार फिरल्या. कपाळाला कुंकू, हातावर अक्षता, आणि प्रत्येक उंबऱ्यावर तेच: "रविवारी शाळेच्या पटांगणात यायचं. डोळ्यांचं शिबिर आहे. चूलबंद आवतण आहे." परत आल्यावर त्यांनी सांगितलं, "सर, सगळं गाव येणार आहे." भाऊ नुसतं "छान" म्हणाले. त्यांना खरं वाटलं नव्हतं.

रविवारी सकाळी भाऊ, डॉक्टर आणि पथक शाळेच्या पटांगणात टेबल मांडून बसले होते. आधी लांबून भांड्यांचा आवाज आला. मग गल्लीच्या तोंडाशी माणसं दिसली. बाया ठेवणीतली लुगडी नेसलेल्या, बापये धुतलेल्या टोप्या घालून, कडेवर पोरं, काठी टेकत म्हातारे. आणि गावजेवणाला जाताना न्यायची रीत, म्हणून प्रत्येकाच्या काखेत ताट आणि हातात तांब्या.

"भाऊ," डॉक्टरांनी हळूच विचारलं, "डोळे तपासायला ताटं कशाला?"

भाऊ समजावायला उठले, पण हे त्यांनाच समजलं नव्हतं. एवढ्यात गावातले सगळ्यांत वडीलधारे वना आबा पुढे आले. त्यांनी पटांगण न्याहाळलं, टेबल पाहिलं, औषधाच्या बाटल्या पाहिल्या. "झुलाल," ते म्हणाले, "आचारी कोठे शे रे? धूरबी दिखत नही."

भाऊंनी वच्छलाबाईंकडे पाहिलं. वच्छलाबाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "सर, तुम्हीच म्हणालात, लग्नासारखं."

चूलबंद आवतण देऊन गावाला उपाशी परत पाठवणारा माणूस त्या मुलखात पुन्हा तोंड दाखवू शकत नाही. आणि हा तर त्याच मातीतला. भाऊ उभ्या उभ्या ताटं मोजू लागले. मोजून होतात न होतात तोच शेठची मोटार आली. शेठ उतरले, मागून त्यांच्या पत्नी चंदनबाई उतरल्या. भाऊंनी कशीबशी हकिगत सांगितली. शेठ लाल होतील असं सगळ्यांना वाटलं. शेठनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली आणि विचारलं, "कुंकू लावून बोलावलंय?"

"हो."

"माझ्या आईच्या नावाच्या दवाखान्यानं?"

"हो, शेठ."

"मग जेवल्याशिवाय कोण जाणार? मोतीलाल, जीप काढ. साक्रीहून पीठ, डाळ, वांगी, तूप."

आणि काकरखेड्यात वरण-बट्टीचा घाट पडला. घराघरातून गोवऱ्या आल्या, परातींत कणीक मळली जाऊ लागली. चंदनबाई पदर खोचून बायकांत बसल्या आणि बट्टी मोठी करावी की लहान यावरून त्यांचं वना आबांच्या सुनेशी कडाक्याचं भांडण जुंपलं, जे पुढे कैक वर्षं दोघी प्रेमानं चालवीत राहिल्या. बट्टी भाजायची म्हणजे घाई करून चालत नाही. गाव रांगा धरून पंगतीला बसून राहिलं. ताट पुढ्यात, कुणी हलेना, कारण उठलं की जागा गेली.

ते बघून डॉक्टरांना हसू फुटलं. "एवढी सगळी माणसं एका जागी गुमान बसलेली मला पुन्हा मिळायची नाहीत," असं म्हणून त्यांनी बॅटरी उचलली आणि पंगतीच्या टोकापासून सुरुवात केली. एरवी पंगतीत आधी मीठ वाढतात, इथे आधी बॅटरी फिरली. डॉक्टर प्रत्येकापुढे उकिडवे बसत. लीलाधर मागून नावं लिहून घेई आणि आश्चर्य म्हणजे मोठ्यानं, मिशीबाहेर बोले. जिला एरवी दवाखान्यात न्यायला घरात कुणाला सवड नव्हती, अशी एकेक म्हातारी त्या पंगतीत सापडली. घरच आलं होतं, म्हणून ती आली होती.

भाऊ रांगेच्या शेवटी उभे राहून एकेक चेहरा बघत होते. आणि मग त्यांना बायकांच्या पंगतीत भागाबाई दिसली. पांढरं लुगडं, शेजारणीचा हात धरलेला, पुढ्यात तिचं स्वतःचं पितळी ताट. ते तिकडे निघालेच होते, तोंडात पहिलं वाक्य तयार होतं. वच्छलाबाई आडव्या आल्या. "सर," त्या म्हणाल्या, "तुम्ही वरणाची बादली धरा. बोलू नका."

भाऊंनी बादली धरली. लांबून पाहिलं तर डॉक्टर आईपुढे बसले होते, तिची हनुवटी धरून डोळ्यांत बॅटरी टाकत होते, आणि ती चक्क डोळे उघडे ठेवून वर बघत होती.

पुढचं आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागायचा. भागाबाईचं ऑपरेशन धुळ्याला झालं आणि उत्तम झालं. जाड भिंगाचा चष्मा लागला, आणि मोठा लेक आपण समजत होतो त्यापेक्षा बराच जाड झालाय, हे तिला कळलं. काकरखेड्यातून त्या वर्षी जीप भरभरून माणसं धुळ्याला गेली. पुढे नव्वदच्या आसपास जळगावच्या, चाळीसगावच्या, वरणगावच्या दवाखान्यांतली माणसं भाऊंच्या वर्गात लोकांशी कसं बोलावं ते शिकायला येऊ लागली. खाटांची खोली पुरेना. भाऊ त्यांना वरण-बट्टीच्या शिबिराची गोष्ट सांगत, आणि ती सांगायला पूर्वीसारखीच अख्खी दुपार घेत. पण त्या पंगतीत आई काय बोलली ते त्यांनी वर्गात कधी सांगितलं नाही. ते मोतीलालनं सांगितलं, कारण तुपाचं भांडं घेऊन तो मागेच उभा होता.

झालं असं. भाऊ वाढत वाढत आईपुढे आले. बादली टेकवून खाली बसले. तिनं पावलं ओळखली होतीच.

"माय," भाऊ म्हणाले, "तू कशी काय उनी?"

"आवतन व्हतं," ती म्हणाली.

"मी इतला दिन सांगू, तवय नही उनी."

भागाबाईनं बट्टी कुस्करली, त्यावर वरण घालून घेतलं. मग सावकाश म्हणाली, "तुना बाप गया तवयपासून मना नाववर आवतन उनं नही रे. बठ्ठा आवतन सूनना नाववर येतस. कुंकू तिले लावतस, मी भितरमा बठस. या पोरनी माले हुडकीसन काढं. मना हातवर अक्षता दिन्ह्यात, 'भागाबाई, तुम्ही या,' म्हनी." ती थांबली. "तू समजाडस, पोऱ्या. तिनी बलावं."

खरं होतं. वच्छलाबाई बोरस्यांच्या उंबऱ्यावर सुनेला कुंकू लावून निघाल्या नव्हत्या. घरात आणखी कोण आहे, असं विचारत त्या आतल्या अंधारात गेल्या. विधवेला कुंकू लावत नाहीत हे त्यांनाही ठाऊक होतं. पण आवतण तर द्यायचंच होतं, म्हणून त्यांनी नाव विचारलं आणि अक्षता दिल्या.

भाऊंनी बादली बाजूला सारली. डोळे भरून आले, ते त्यांनी बाहीनं पुसले. एवढ्या वर्षांत त्यांनी आईला मोतीबिंदूबद्दल सगळं सांगितलं होतं, फक्त ये म्हटलं नव्हतं. ते उठले, वच्छलाबाईंनी टेबलावर ठेवलेल्या कुंकवाच्या ताटातल्या उरलेल्या चार अक्षता मुठीत घेतल्या आणि पुन्हा आईपुढे येऊन बसले. तिचा हात उलगडून त्यांनी त्या तळव्यावर ठेवल्या.

"भागाबाई," भाऊ म्हणाले, आणि तो मोठा आवाज पार बसलेला होता, "सकाये धुयाले या. दवाखानामा. मी तठे वाट देखसू."

भागाबाईनं मूठ मिटली. तिच्या ओठांच्या कडेला हसू आलं.

"येसू," ती म्हणाली. "पन घरटी एक मानूस, का चूलबंद?"

"चूलबंद, माय."

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपमध्ये भागाबाई, रुपचंद, सून, नातवंडं आणि गडी असे सगळे दाटीवाटीनं बसले, आणि काकरखेड्यात बोरस्यांच्या घरातून धूर निघाला नाही.